दुसऱ्या महायुद्धातील एक गुप्त पत्रव्यवहार आणि इतिहासाच्या साधनांचा प्रश्न : गिल्बर्ट ब्रॅडली व गॉर्डन बाउशर (१९३८-१९४५)

बीजशब्द : दुसरे महायुद्ध, ब्रिटिश लष्कर, समलिंगी संबंध, खाजगी पत्रव्यवहार, लष्करी कायदा, इतिहासलेखन

प्रस्तावना

युद्धाचा इतिहास प्रामुख्याने मोहिमा, सेनापती, तह आणि जीवितहानीचे आकडे यांच्या आधारे लिहिला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सामाजिक इतिहासाची दृष्टी रुजल्यानंतर सामान्य सैनिक हाही अभ्यासाचा विषय बनला. त्याचे अन्न, त्याचे आजार, त्याची भीती आणि घराची ओढ यांविषयी विपुल लेखन झाले. सैनिकाने पत्नीस वा प्रेयसीस लिहिलेली पत्रे हे तर युद्धेतिहासाचे लोकप्रिय साधन ठरले. तथापि, ज्या सैनिकाचे प्रेम दुसऱ्या सैनिकावर होते त्याची पत्रे या संग्रहांत दीर्घकाळ आढळत नव्हती. याचा अर्थ अशी पत्रे लिहिली गेली नाहीत असा घ्यावयाचा काय? की ती लिहिली गेली, परंतु उरली नाहीत? हा प्रश्न वरवर पाहता एका लहान समूहाचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाच्या साधनांविषयीचा एक मूलभूत प्रश्न आहे.

इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातील ऑस्वेस्ट्री या गावच्या संग्रहालयाने मिळविलेला एक पत्रसंग्रह या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. गिल्बर्ट ब्रॅडली आणि गॉर्डन बाउशर या दोन ब्रिटिश सैनिकांमधील सहाशेहून अधिक पत्रांचा हा संग्रह असून २०१७ मध्ये त्याची माहिती सर्वदूर पोहोचली. प्रस्तुत निबंधात या पत्रव्यवहाराची हकिकत, त्यामागील कायद्याची पार्श्वभूमी आणि इतिहासाच्या अभ्यासकासमोर तो उभे करीत असलेले प्रश्न यांचा विचार केला आहे.

उद्दिष्टे व पद्धती

या निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. ब्रिटनमधील समलिंगी संबंधविषयक नागरी व लष्करी कायद्याचा थोडक्यात आढावा घेणे, हे पहिले. त्या कायद्याच्या छायेत झालेल्या एका पत्रव्यवहाराचे ऐतिहासिक मूल्य तपासणे, हे दुसरे. आणि खाजगी, किंबहुना लेखकाने नष्ट करावयास सांगितलेला कागद वाचण्याचा अधिकार इतिहासकाराला कितपत पोहोचतो याची चर्चा करणे, हे तिसरे. विवेचनासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून पत्रांतील मजकूर अवतरणांनी न देता आशयरूपाने दिला आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये पुरुषांमधील समागम हा चर्चच्या अखत्यारीतून काढून राज्यसत्तेच्या कायद्याखाली आणण्याचे काम आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत १५३३ मध्ये झाले. त्या कायद्याने अशा कृत्यास देहान्ताची शिक्षा ठरविली. या गुन्ह्यासाठी इंग्लंडमध्ये शेवटची फाशी १८३५ मध्ये दिली गेली आणि १८६१ च्या कायद्याने देहान्ताऐवजी दीर्घ कारावास आला. नौदलाचा इतिहास याहूनही कठोर होता. १८१६ मध्ये 'आफ्रिकेन' या युद्धनौकेवरील चार जणांना या आरोपाखाली फासावर चढविण्यात आले.

१८८५ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने एक निराळीच अडचण निर्माण केली. हेन्री लाबुशेर या संसद सदस्याने सुचविलेल्या कलमानुसार दोन पुरुषांमधील कोणतेही 'घोर असभ्य वर्तन', मग ते बंद दाराआड का असेना, दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरले. कृत्याची व्याख्या इतकी सैल ठेवल्यामुळे प्रत्यक्ष कृत्याच्या पुराव्याऐवजी सूचक पुराव्याला महत्त्व आले आणि पत्र हा असा पुरावा सहज उपलब्ध होता. १८९५ च्या ऑस्कर वाइल्ड खटल्यांत त्याने तरुण मित्रास लिहिलेली पत्रे न्यायालयात वाचली गेली, ही घटना सुविदित आहे. प्रेमपत्र हे गुन्ह्याचे साधन होऊ शकते, ही जाणीव त्यानंतर इंग्लंडमधील प्रत्येक समलिंगी पुरुषाच्या मनात घर करून राहिली असल्यास नवल नाही.

लष्करात नागरी कायद्याच्या जोडीला १८८१ चा लष्करी कायदा होता. त्याच्या अठराव्या कलमात क्रूर, असभ्य वा अनैसर्गिक स्वरूपाच्या लाजिरवाण्या वर्तनासाठी शिक्षेची तरतूद होती. म्हणजे सैनिक हा दुहेरी कायद्याच्या कात्रीत होता. त्याशिवाय पदच्युती, कुटुंबात होणारी नाचक्की आणि पुढील आयुष्यात नोकरी न मिळणे या अलिखित शिक्षा होत्याच.

या कायद्याची अंमलबजावणी मात्र सर्वत्र सारखी नव्हती. एमा विकर्स यांनी दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सशस्त्र दलांविषयी केलेल्या व २०१३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून असे दिसते की, आपले काम चोख करणाऱ्या आणि तुकडीत मिसळून राहणाऱ्या सैनिकाकडे अनेकदा कानाडोळा केला जाई. युद्धाला माणसे हवी होती. परंतु कानाडोळा म्हणजे अभय नव्हे. तो वरिष्ठाच्या मर्जीवर अवलंबून असतो आणि ती केव्हा फिरेल याचा नेम नसतो.

पत्रव्यवहाराची हकिकत

गिल्बर्ट ब्रॅडली आणि गॉर्डन बाउशर यांची भेट १९३८ मध्ये डेव्हन परगण्यात एका हाउसबोटीवरील सुटीत झाली. बाउशर हा सुखवस्तू घरातला होता. त्याच्या वडिलांची जहाज कंपनी होती आणि कुटुंबाच्या मालकीचे चहाचे मळेही होते. भेटीनंतर वर्षभरातच, सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धास तोंड फुटले आणि ब्रिटनमध्ये १८ ते ४१ वर्षे वयाच्या पुरुषांना लष्करी सेवेस पात्र ठरविणारा कायदा संमत झाला.

ब्रॅडली हा मनाविरुद्ध सैनिक झालेला मनुष्य होता. भरती टाळण्यासाठी त्याने आपणास अपस्माराचा विकार असल्याची बतावणीही करून पाहिली. ती सफल झाली नाही. ऑस्वेस्ट्रीजवळच्या पार्क हॉल छावणीत विमानविरोधी तोफखान्याच्या प्रशिक्षणासाठी त्याची रवानगी झाली. बाउशर पायदळात गेला आणि त्याच्या नेमणुका देशात निरनिराळ्या ठिकाणी होत राहिल्या. अशा रीतीने जे दोघे एका छताखाली राहण्याची स्वप्ने पाहत होते, ते दोन छावण्यांत विभागले गेले. त्यांच्यामधील दुवा म्हणून टपालाचे पाकीट तेवढे उरले.

ब्रॅडली २००८ मध्ये मृत्यू पावला. त्याच्या घरातील सामानाची विल्हेवाट लावणाऱ्यांच्या हाती ही पत्रे लागली आणि त्यांच्याकडून ती लष्करी टपालाच्या जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे गेली. ऑस्वेस्ट्री संग्रहालयाचे मार्क हिग्नेट हे आपल्या गावाशी संबंधित युद्धकालीन साहित्याच्या शोधात होते. पार्क हॉल छावणीच्या पत्त्यामुळे त्यांनी प्रथम दोन-तीन पत्रे विकत घेतली. पत्रांखाली सही म्हणून केवळ 'जी' हे एकच अक्षर होते. सैनिकाला त्याच्या प्रेयसीने वा वाग्दत्त वधूने लिहिलेली ती पत्रे असावीत, असे त्यांना स्वाभाविकपणे वाटले. आणखी पत्रे हाती आल्यावर 'जी' म्हणजे गॉर्डन, हा उलगडा झाला. त्यानंतर संग्रहालयाने उर्वरित पत्रे मिळविण्याचा ध्यास घेतला आणि सहाशेहून अधिक पत्रांचा संग्रह सिद्ध झाला.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. पहिल्या वाचकाची समजूत चुकली, यात त्याचा दोष नाही. सैनिकाला आलेले प्रेमपत्र हे स्त्रीचेच असणार, हे आपल्या सर्वांचे अनुच्चारित गृहीतक आहे. लिहिणाऱ्याने ज्या एका अक्षराचा आडोसा घेतला होता, तो सत्तर वर्षांनंतरही आपले काम बजावत होता. आपल्याकडील व परदेशातील अशा किती पत्रांचे वर्गीकरण याच गृहीतकावर झाले असेल, याचा विचार प्रत्येक अभिलेखपालाने करण्यासारखा आहे.

१९४१ : पत्र हाच पुरावा

या पत्रव्यवहारातील धोका काल्पनिक नव्हता, हे सांगणारी एक घटना त्याच वर्तुळात घडली. स्कारबरो व व्हिटबी मतदारसंघाचे संसद सदस्य सर पॉल लॅथम हे तोफखान्यात अधिकारी म्हणून दाखल झाले होते. तीन तोफची व एक नागरिक यांच्याशी अनुचित वर्तन केल्याच्या आरोपावरून १९४१ मध्ये त्यांचे कोर्ट मार्शल झाले. त्यांना दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली आणि संसदेचे सदस्यत्व सोडावे लागले. हे प्रकरण उघडकीस येण्यास कारणीभूत ठरली ती हाती लागलेली काही असावध पत्रे. ब्रॅडलीचा या लॅथम यांच्याशी काही काळ संबंध आला होता.

या एका घटनेवरून दोन्ही सैनिकांच्या मनःस्थितीची कल्पना येते. संपत्ती, पदवी, संसदेतील जागा यांपैकी काहीही लॅथम यांना वाचवू शकले नाही. मग तोफखान्यातील एका साध्या सैनिकाची कथा काय? परदेशी आघाडीवरून जाणारी सैनिकांची पत्रे तुकडीतील अधिकारी तपासत असत. मायदेशातील छावणीत तशी सक्ती नसली, तरी एकांतही नव्हता. रांगेने मांडलेल्या खाटा आणि त्यांशेजारी सामानाची एक पेटी, एवढेच सैनिकाचे खाजगी जग. शेजारच्या खाटेवरील सोबत्याने सहज उचललेला एक कागद दोन आयुष्ये उद्ध्वस्त करण्यास पुरेसा होता. हे ठाऊक असूनही शेकडो पत्रे लिहिली गेली आणि जपली गेली, ही वस्तुस्थिती त्या पत्रांतील कोणत्याही वाक्याइतकीच बोलकी आहे.

पत्रांतून दिसणारे जग

ही पत्रे ब्रॅडलीच्या घरी सापडली असल्याने त्यांत प्रामुख्याने बाउशरचा आवाज ऐकू येतो. एकाचे बोलणे ऐकून दुसऱ्याच्या उत्तराचा अंदाज बांधावा, तशी वाचकाची स्थिती होते. ही मर्यादा मान्य करूनही काही निरीक्षणे नोंदविता येतात.

पहिले निरीक्षण असे की, त्यांचा बराचसा मजकूर कोणत्याही सैनिकाच्या प्रेमपत्रासारखाच आहे. सतत सहवासाची ओढ, विरहाची तक्रार, युद्ध संपल्यावर एकत्र राहण्याचे मनसुबे हे विषय त्यांत पुन्हा पुन्हा येतात. फेब्रुवारी १९४० मधील एका पत्रात ब्रॅडलीच्या आईवडिलांना हे कळले तर त्यांना काय वाटेल, याची चिंता आहे. त्याच पत्रात बाकीच्या जगाला आपल्या भावनेची कल्पना नाही, किंबहुना ते प्रेम आहे हेच जगाला उमगत नाही, अशा आशयाची खंत आहे. कायद्याच्या भाषेत जे 'वर्तन' होते, त्याला पत्रलेखक 'प्रेम' हे नाव देऊ पाहतो. हा केवळ शब्दांचा भेद नाही. कोर्ट मार्शलच्या कागदात कृत्य, स्थळ, वेळ आणि साक्षीदार यांची नोंद होते. माणसे एकमेकांची कोण होती याची नोंद होत नाही. केवळ सरकारी दप्तरावर विसंबणाऱ्या इतिहासकाराला म्हणूनच या माणसांचे गुन्हे तेवढे सापडतात, त्यांची नाती सापडत नाहीत.

दुसरे निरीक्षण असे की, हे नाते आदर्शीकरणाला वाव देत नाही. १९४१ च्या आरंभीच्या एका पत्रात प्रेम जन्मभर टिकते का, ही शंका आहे आणि परमोच्च क्षणांच्या स्मृतीवरच पुढे जगणे बरे नव्हे काय, असा विचारही आहे. स्कॉटलंडमधील वास्तव्यात ब्रॅडली इतर दोघांच्या प्रेमात पडल्याचे बाउशरला कळले. तेव्हा त्याने आदळआपट केली नाही. आपणही त्याच्या प्रेमात पडलो होतोच, तेव्हा इतरांना तसे वाटावे यात आश्चर्य नाही, अशा समजूतदार सुरात त्याने ते स्वीकारले. पुढे पत्रे विरळ होत गेली आणि १९४५ पर्यंत हे नाते संपुष्टात आले. बाउशर पुढे कॅलिफोर्नियात जाऊन घोड्यांना प्रशिक्षण देण्याच्या व्यवसायात स्थिरावला.

अशा शेवटामुळे या पत्रांचे मूल्य उणावते काय? उलटपक्षी ते वाढते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वंचित समूहाचा इतिहास लिहिताना त्यातील माणसे निष्कलंक असावीत, अशी एक नकळत अपेक्षा आपण बाळगतो. स्त्री-पुरुषांच्या प्रेमाकडून इतिहासाने कधी अशी अपेक्षा केली नाही. रुसवे, दुरावा आणि शेवटी होणारी ताटातूट हीसुद्धा माणुसकीचीच लक्षणे होत.

'पत्रे नष्ट कर' : एक नैतिक पेच

या संग्रहातील दोन पत्रे परस्परांसमोर ठेवून वाचावयास हवीत. एका पत्रात बाउशर अत्यंत गंभीरपणे विनंती करतो की, आपली सर्व पत्रे नष्ट करून टाकावीत. दुसऱ्या एका पत्रात, भविष्यात अधिक समंजस काळ आला तर ही पत्रे प्रसिद्ध व्हावीत आणि आपण परस्परांवर किती प्रेम करीत होतो हे जगाला कळावे, अशी इच्छा व्यक्त झाली आहे. ब्रॅडलीने पहिली विनंती मानली नाही. त्याने पत्रे जाळली नाहीत. मरेपर्यंत ती आपल्याजवळ ठेवली.

यांपैकी कोणती इच्छा इतिहासकाराने प्रमाण मानावी? पदव्युत्तर वर्गात इतिहासलेखनशास्त्र शिकविताना आपण साधनांची अंतर्गत व बाह्य चिकित्सा शिकवितो; कागद अस्सल की बनावट, लेखक विश्वसनीय की नाही, हे तपासतो. कागद वाचण्याचा आपणास अधिकार आहे की नाही, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने प्रसिद्ध केली, तेव्हापासून गाठोड्यांतील व माळ्यांवरील कागद नाशापासून वाचविणे हे महाराष्ट्रातील इतिहास संशोधकाने पुण्यकर्म मानले आहे. ही परंपरा थोर आहे. परंतु तो कागद बहुतांशी राजकारणाचा, वतनाचा आणि हिशेबाचा होता. त्याच्या लेखकांनी तो लपविला नव्हता; काळाने तो दडविला होता. लेखकानेच भयापोटी जो नष्ट करावयास सांगितला, त्या कागदाचे काय करावे?

माझ्या मते याचे उत्तर त्या विनंतीच्या कारणात शोधावे लागेल. पत्रे नष्ट करण्याची विनंती शरमेतून आली असती, तर तिचा मान राखणे अधिक सयुक्तिक ठरले असते. परंतु जो लेखक दुसऱ्या ठिकाणी याच पत्रांच्या प्रकाशनाची आशा बाळगतो, त्याला शरम नव्हती. त्याला तुरुंगाचे भय होते. तुरुंगाचे भय संपल्यावर त्या भयाची आज्ञा पाळत राहणे म्हणजे जुन्या कायद्याला त्याच्या मृत्यूनंतरही पाळणे होय. अर्थात या युक्तिवादालाही सीमा आहे. पत्रांत उल्लेख असलेल्या तिसऱ्या व्यक्तींनी अशी कोणतीही आशा व्यक्त केलेली नव्हती. त्यांच्या बाबतीत संशोधकाने हात आखडता घ्यावा, हेच उचित. म्हणूनच पत्रांतील मजकूर या निबंधात उद्धृत केलेला नाही.

युद्धोत्तर काळ : कायद्याचा मंद प्रवास

बाउशरला अपेक्षित असलेला समंजस काळ येण्यास बराच अवधी लागला. १९५७ मध्ये वुल्फेंडन समितीने प्रौढ पुरुषांमधील खाजगी व संमतीच्या संबंधांना गुन्हा मानू नये, अशी शिफारस केली. १९६७ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये एकवीस वर्षांवरील पुरुषांपुरती ती अमलात आली. स्कॉटलंडमध्ये त्यासाठी १९८० साल उजाडावे लागले. परंतु १९६७ च्या कायद्यातून सशस्त्र दले आणि व्यापारी नौदल वगळण्यात आली होती. म्हणजे जे नागरिकाला क्षम्य ठरले, ते सैनिकाला गुन्हाच राहिले. १९९४ च्या कायद्याने लष्करातील समलिंगी संबंध फौजदारी गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले गेले, तरी ते बडतर्फीचे कारण म्हणून कायम राहिले.

या धोरणाखाली लष्करी पोलिसांनी सैनिकांच्या चौकशा केल्या, सामानाच्या झडत्या घेतल्या आणि खाजगी पत्रे ताब्यात घेतली. सेवेतून काढलेल्या काहींना पदके व निवृत्तिवेतनासही मुकावे लागले. अखेर लस्टिग-प्रीन व बेकेट आणि स्मिथ व ग्रेडी या प्रकरणांत युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २७ सप्टेंबर १९९९ रोजी खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला. त्यानुसार १२ जानेवारी २००० रोजी ब्रिटनने ही बंदी उठविली.

बंदी उठल्याने झालेल्या अन्यायाचे परिमार्जन झाले नव्हते. १९६७ ते २००० या काळातील पीडित सैनिकांच्या अनुभवांची पाहणी लॉर्ड एथर्टन यांनी केली. त्यांचा एकूणपन्नास शिफारशी असलेला अहवाल जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच दिवशी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेत राज्यसंस्थेच्या वतीने क्षमायाचना केली. डिसेंबर २०२४ मध्ये ७.५ कोटी पौंडांची भरपाई योजना जाहीर झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टॅफर्डशरमधील राष्ट्रीय स्मृतिवनात या सैनिकांच्या स्मारकाचे अनावरण राजे तिसरे चार्ल्स यांच्या हस्ते झाले. या स्मारकाला चुरगळलेल्या, उघड्या पत्राचा आकार दिलेला आहे. जे पत्र एकेकाळी पुरावा म्हणून जप्त केले जात असे, तेच स्मृतिचिन्ह बनले. त्यापूर्वी ब्रॅडलीने सांभाळलेल्या पाकिटांनी हेच स्थित्यंतर एका गावच्या संग्रहालयात अनुभवले होते.

भारतीय संदर्भ

हा विषय भारतीय अभ्यासकाला परका नाही. ब्रिटिशांनी १८६० च्या भारतीय दंडसंहितेत घातलेले कलम ३७७ हे त्याच इंग्रजी कायद्याचे अपत्य होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्याची धार बोथट केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुनःस्थापित केले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते रद्द ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या कलमाचा समावेश नाही. मात्र १९५० च्या लष्करी कायद्यातील कलम ४६ मध्ये क्रूर, असभ्य वा अनैसर्गिक स्वरूपाच्या लाजिरवाण्या वर्तनासाठी सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. १८८१ च्या ब्रिटिश कायद्याची शब्दयोजना येथे जशीच्या तशी उतरली आहे. संविधानाचा अनुच्छेद ३३ संसदेला सशस्त्र दलांच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार देतो. २०१८ च्या निकालानंतर जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपीन रावत यांनी लष्कर हे परंपरावादी असून तेथे असे संबंध चालू दिले जाणार नाहीत, अशी भूमिका जाहीरपणे मांडली होती. ज्या देशाने हे शब्द घडविले त्याने ते टाकून दिले. ज्याला ते वारशाने मिळाले, त्याच्या लष्करी कायद्यात ते राहिले. हा वारसा कोणाचा, हे तपासणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.

साधनांच्या दृष्टीनेही एक तुलना उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेलेल्या भारतीय सैनिकांची पत्रे ब्रिटिश टपालतपासनीस वाचीत आणि त्यांतील निवडक उताऱ्यांचे भाषांतर अहवालांत नोंदवीत. या उताऱ्यांत मराठी पत्रांतील मजकूरही आहे. आपल्या सैनिकांचे जे शब्द त्या अहवालांत उरले आहेत, ते सत्तेने वाचले म्हणून उरले आहेत. याउलट ब्रॅडली व बाउशर यांचे शब्द सत्तेने वाचले नाहीत म्हणून उरले. सत्तेने वाचलेल्या पत्रांत सैनिक काय लिहीत नाही, हे या दुसऱ्या संग्रहामुळे आपणास ठाऊक होते. तपासनीसाच्या अहवालातील मौन हा अभाव मानू नये, हा धडा मराठी सैनिकाच्या इतिहासलेखनासही लागू पडतो.

निष्कर्ष

१. ब्रिटनमधील नागरी व लष्करी कायद्याने समलिंगी सैनिकाच्या पत्राला गुन्ह्याचा पुरावा बनविले. त्यामुळे अशा संबंधांची साधने त्या माणसांनी स्वतःच नष्ट केली आणि सरकारी दप्तरात प्रामुख्याने खटल्यांचे कागद उरले.

२. ब्रॅडली-बाउशर पत्रसंग्रह या असमतोलाची काही अंशी भरपाई करतो. त्यातून आरोपी वा रुग्ण न दिसता विरह, शंका, मत्सर आणि समजूतदारपणा असलेली माणसे दिसतात.

३. साधनांचे मौन हे घटनेच्या अनुपस्थितीचे प्रमाण नव्हे. पुराभिलेखागारांनी व संग्रहालयांनी खाजगी पत्रांचे वर्गीकरण करताना प्रचलित गृहीतकांची पुनर्तपासणी करणे आवश्यक आहे.

४. लेखकाने नष्ट करावयास सांगितलेल्या कागदाचा उपयोग करताना त्या सूचनेमागील कारण आणि तिसऱ्या व्यक्तींचे हित या दोहोंचा विवेक संशोधकाने राखावा.

ब्रॅडलीने पत्रे का जपली, हे त्याने कोठे लिहून ठेवल्याचे दिसत नाही. त्याचे प्रेम १९४५ पर्यंत संपले होते आणि ज्या कायद्याची भीती होती तो पुढे बावीस वर्षे कायम होता. त्या वर्षांत एकही पत्र कोणाच्या हाती पडते तर त्याला तुरुंगाची वाट धरावी लागली असती. असे असूनही सहाशेहून अधिक पाकिटे त्याने घरात ठेवली. सैनिकाच्या धैर्याचे मोजमाप आपण पदकांवरून करतो. ज्याने सैन्यात जाणे टाळण्यासाठी आजाराची बतावणी केली, त्या मनुष्याला असे पदक मिळण्याची शक्यता नव्हती. परंतु धैर्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास, त्या जपलेल्या पाकिटांची नोंद त्यात घ्यावीच लागेल.